दिवे लावून काय दिवे लागणार?

गुन्ह्याची संधीच कमी केली की गुन्हे घटतात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. हे शीर्षक त्यावरच्या तुमच्याच प्रतिक्रियेतून उचललंय, राग मानू नका. रस्त्यावर दिवे लावा नाहीतर गाड्यांना कुलपं, चोर फक्त गल्ली बदलतो. खरा उपाय म्हणजे पोलीस, तुरुंग आणि वचक, असं तुमचं म्हणणं.

गल्ली बदलण्याचा मुद्दा खोटा नाही. ब्रिटनमध्ये १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना स्टिअरिंग लॉक सक्तीचं झालं आणि चोर जुन्या गाड्यांकडे वळले. लेखात हे यायला हवं होतं, चूक माझी. पश्चिम जर्मनीने मात्र तेच कुलूप जुन्या-नव्या सगळ्याच गाड्यांना लावायला लावलं होतं. तिथे चोऱ्या उतरल्या त्या उतरल्याच.

जर्मनीचंच दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात चोरांचा कुणी विचारच केला नव्हता. हेल्मेट सक्तीचं होतंच. १९८० मध्ये बिनहेल्मेटवाल्याला जागच्या जागी दंड सुरू झाला. त्या वर्षी सुमारे दीड लाख मोटरसायकली चोरीला गेल्या होत्या. १९८६ मध्ये हा आकडा ५४ हजारांच्या आसपास आला. उभी मोटरसायकल दिसली, मोह झाला, पळवली, अशा चोराच्या काखेत हेल्मेट कुठून असणार? उघड्या डोक्याने निघाला की अडवला जाणार. तुमच्या हिशेबाने या सगळ्यांनी कार चोरायला हव्या होत्या. कारचोऱ्या वाढल्या, पण काही हजारांनीच. सायकलींच्या तर घटल्या. (दंड पोलीसच करत होते, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. पोलीस नकोत असं मी कुठेच लिहिलेलं नाही.)

दिव्यांचं थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली कोणत्या सरकारी वसाहतींत जादा दिवे लावायचे, हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं गेलं. रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे किमान ३६ टक्क्यांनी घटले, आणि तेही आसपास सरकलेले गुन्हे जमेस धरून.

राहता राहिला वचक. १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात वाया जाऊ पाहणाऱ्या पोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांसमोर बसवायचे. कैदी अंगावर ओरडायचे, आत काय काय होतं ते सांगून धडकी भरवायचे. पोरं रडतसुद्धा. हा प्रकार अमेरिकेत खूप गाजला, ठिकठिकाणी सुरू झाला. मग कुणीतरी तुरुंग पाहून आलेल्या आणि न नेलेल्या मुलांची तुलना केली. एकामागून एक चाचण्या झाल्या. एकत्रित निष्कर्ष असा, की तुरुंग पाहून आलेली मुलंच पुढे जास्त गुन्ह्यांत सापडली.