‘सेवेला सल्लागार कशाला?’ या मेसेजला उत्तर

चवथीच्या आधी आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. नंतर तोच आणखी तिघांनी मला वेगवेगळा पाठवला, म्हणजे गोवाभर फिरला असणार. त्यात म्हटलं होतं की आईवडिलांची सेवा रक्तात असते, फी मोजून शिकावी लागत नाही. हे ‘एल्डर केअर’चे, म्हाताऱ्यांच्या देखभालीचे, सल्लागार म्हणजे बाहेरून आलेलं खूळ. आपण चार गोष्टी केल्या की पुरे: मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करा, जो सांभाळतो त्याच्या नावावर घर करा, डॉक्टर सांगेल तसं वागा, आणि म्हाताऱ्यांसमोर मरणाच्या गोष्टी काढू नका.

मी फोंड्याची. बँकेत एकतीस वर्षं काढली. बाबांच्या शेवटच्या दीड वर्षात या चारांपैकी तीन गोष्टी आम्ही अगदी मनोभावे केल्या, म्हणून लिहिते आहे.

पहिलं, सेवा रक्तात असते. असेलही. माझ्या वहिनीनं बाबांचं जेवढं केलं तेवढं मी, पोटची मुलगी असून, केलं नाही, तेव्हा रक्ताचं मला नक्की सांगता येणार नाही. पण औषधं रक्तात नसतात. बाबांना दोन डॉक्टर होते, एक शुगरचे आणि एक हृदयाचे. दोघांनीही रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन लिहिलं होतं, फक्त दोन कंपन्यांच्या दोन नावांनी. आम्ही दोन्ही गोळ्या घड्याळ लावून देत होतो. बाबांचे पाय सुजले. तिसऱ्या डॉक्टरांनी सूज उतरायला लघवीची गोळी दिली. मग ते रात्री चारदा उठायला लागले, आणि एका रात्री न्हाणीच्या उंबऱ्यापाशी पडले. मांडीचं हाड मोडलं. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं, ऑपरेशन झालं, पण त्यानंतर बाबा आपल्या पायांनी अंगणात उतरले नाहीत.

ही साखळी कोणी ओळखली? ओळखीतल्या एका निवृत्त नर्सबाईंनी. त्या घरी येऊन दोन तास बसल्या, सगळ्या पट्ट्या टेबलावर ओतायला लावल्या आणि पट्टीवर बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचून वहीत मांडत गेल्या. त्यांनी त्याचे पैसे घेतले. मला ते आजही स्वस्त वाटतात. पडण्याआधी बोलावलं असतं तर आणखी स्वस्त पडलं असतं.

दुसरं मुखत्यारपत्र. याचा मला खरा राग येतो, कारण काउंटरच्या अलीकडे बसून याचे परिणाम मी पाहिलेत. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, ज्यानं मुखत्यारपत्र दिलं त्याची समज गेली की ते संपतं. म्हणजे बाबा धडधाकट असताना ते चालणार, आणि बाबांना माणसं ओळखू येईनाशी झाली, ज्या दिवसासाठी तुम्ही ते केलंत, त्याच दिवशी त्याचा उपयोग उरत नाही. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी. त्यापेक्षा आईबाबा शुद्धीत असतानाच खातं दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असं जोडखातं करणं सोपं. हात थरथरतो, सही जुळत नाही, एवढंच असेल तर कोर्टबिर्ट काही नको. रिझर्व्ह बँकेच्या नियमात अंगठ्याची सोय आहे, दोन साक्षीदारांची ओळख लागते आणि त्यातला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवा द्या, असंही रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये बँकांना सांगितलं आहे. विचारायला मात्र लागतं. आम्ही काउंटरवाले आपणहून फार काही सांगत नाही, हे मीच कबूल करते.

तिसरं घर. हा सल्ला ज्यानं लिहिला तो मुंबई-पुण्याकडचा असावा, कारण गोव्यात तो तसाच्या तसा लागूच होत नाही. आपल्याकडे, हिंदू असो वा ख्रिश्चन, वारसाचा कायदा पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. आता तो २०१२ च्या गोवा वारसाहक्क कायद्यात बसवला आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत नवराबायकोची निम्मीनिम्मी. आणि मुलं असली तर आपल्या वाट्यातलीही अर्धी मुलांसाठी राखीव, तिला मृत्युपत्रानं हात लावता येत नाही. ऐंशी लाखांचं घर धरा. त्यात बाबांचे चाळीस, आणि त्या चाळिसातले मनाप्रमाणे देता येतात वीस. उरलेल्या विसांत सगळ्या मुलांचा सारखा वाटा, लग्न होऊन गेलेल्या मुलीचाही. बक्षीसपत्र करून पळवाट काढली तर मर्यादेबाहेरचं पुढे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे माणूस गेल्यावर कोर्टात मिळकतीची वाटणी होते त्या वेळी, मोजणीत परत येतं. सांभाळणाऱ्या मुलाला ‘घर तुझंच’ असं वीस वर्षं सांगत राहायचं आणि मग बहिणींसमोर नोटरीच्या ऑफिसात त्याला कागद दाखवायचे, यापरता मोठा अन्याय त्या मुलावर नाही.

दिलंच, आणि त्यानं सांभाळलं नाही, तर? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे. देताना ‘सांभाळ करायचा’ ही अट असेल आणि ती मोडली, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. अट कागदावर लिहून घ्या, गृहीत धरू नका. हे दोन वाक्यांत सांगणारा वकील कागद करण्याआधी गाठायचा असतो. आपल्याकडे तो भांडण पेटल्यावर आठवतो.

चौथं डॉक्टर आणि मरण. मेसेजात या दोन वेगळ्या ओळी होत्या, पण ती एकच गोष्ट आहे. बाबा अतिदक्षता विभागात असताना डॉक्टरांनी आम्हाला काय करायचं ते सांगितलं नाही, आम्हालाच विचारलं. व्हेंटिलेटर लावायचा का? भाऊ माझ्याकडे बघत होता, मी भावाकडे. बाबांना काय हवं होतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, कारण मरणाच्या गोष्टी त्यांच्यासमोर काढायच्या नव्हत्या. आम्ही ‘लावा’ म्हणालो. ते अकरा दिवस मी इथे लिहिणार नाही.

शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं, अशा इच्छापत्राला, लोक ज्याला लिव्हिंग विल म्हणतात त्याला, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ च्या जानेवारीत त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, दंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही. आपल्या वतीनं कोण बोलणार त्यांची नावं त्यात लिहायची. उपचार थांबवण्याचा प्रश्न आला तर डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात, म्हणजे ‘पोरांनी मारलं’ ही भीतीही फोल. हे काही परदेशात घडलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातले तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी ३१ मे २०२४ रोजी असं इच्छापत्र नोंदवलं, गोव्यातलं पहिलं. उपचार थांबवणं म्हणजे माणसाला टाकून देणंही नव्हे. बरा न होणारा कॅन्सर असेल तर वेदना शमवण्यासाठी लोटलीला शांती अवेदना सदन आहे. आणि स्मृतिभ्रंशाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात नाकात नळी घालून भरवल्यानं आयुष्य वाढतं, असा पुरावा नाही. चमच्यानं पेज भरवणं हाही उपचारच आहे.

आता मेसेजातलं खरं तेही सांगते. ‘कन्सल्टंट’ ही पाटी कोणीही लावतो. कमिशनवर वृद्धाश्रम नाहीतर हॉस्पिटल सुचवणारे आहेत, मला एक भेटलाही. त्याला पहिलाच प्रश्न विचारा, तुम्हाला पैसे फक्त आमच्याकडून मिळतात की तिकडूनही? तो चाचरला की चहा द्या आणि वाटेला लावा. सगळ्याला पैसेही लागत नाहीत. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन फुकट आहे. सत्तरीपुढच्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड २०२४ पासून मिळतं. आणि ‘आपल्याकडे घरात माणसं असतात’ म्हणाल तर, २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांच्या प्रमाणात केरळच्या खालोखाल गोवाच होता. माणसं आहेत, पण पोरं आखातात आणि इंग्लंडात.

यंदा चवथीला सगळे जमलो तेव्हा जेवणं झाल्यावर मी आईला सरळ विचारलं. भाऊ उठून बाहेर गेला. आई अठ्ठ्याहत्तरची आहे. तिनं जराही विचार न करता सांगितलं: नळी नको, बांबोळीला न्यायचं तर न्या पण मशिनीवर ठेवू नका, आणि चहा शेवटपर्यंत द्या. तिच्या वतीनं बोलायला कोण, तर तिनं भावाचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. वहिनीचं घेतलं. “हा रडत बसेल, तू हिशेब करत बसशील,” म्हणाली.

पुढच्या आठवड्यात नोटरीकडे गेलो. साक्षीदार म्हणून शेजारचे दोघे आले. भाऊ गाडी घेऊन आला होता, पण आत आला नाही.