कोलोनच्या शितावरून जर्मन भाताची परीक्षा

सध्या एक पोस्ट बरीच फिरते आहे. वर कोलोन कथीड्रलच्या दोन मनोऱ्यांचा फोटो आणि खाली निकाल: जर्मनीतली गॉथिक (टोकदार कमानी, उंच छत, मोठ्या खिडक्या अशा मध्ययुगीन शैलीची) चर्च म्हणजे फ्रेंच नमुन्याच्या उशिरा काढलेल्या प्रती, एक पाहिलं की सगळी पाहिली, दगड परवडला नाही तिथे विटा, आणि पंधराव्या शतकात कल्पना आटून नुसती नक्षी उरली.

आधी फोटोचं बघू. कोलोन फ्रेंच वळणाचं आहे, हे खरंच. १२४८ मध्ये काम सुरू झालं तेव्हा फ्रान्समधलं आमियांचं कथीड्रल डोळ्यांसमोर होतं. पण सोळाव्या शतकात बंद पडलेलं काम १८४२ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि मनोरे १८८० मध्ये पुरे झाले. मूळ आराखडा मध्ययुगीन, मनोऱ्यांचं बांधकाम बहुतांशी आगगाडीच्या काळातलं. गॉथिकच्या उशिराच्या काळाबद्दल बोलायला हाच फोटो निवडावा, याला काय म्हणावं?

‘एक पाहिलं की सगळी’ याला उत्तर द्यायला दुसऱ्या गावी जायचीही गरज नाही. न्यूरेंबर्गच्या सेंट लोरेन्झ चर्चमध्ये शिरा. पुढचा भाग जुन्या पद्धतीचा: मधलं दालन उंच, बाजूची दालनं बुटकी, उजेड बेताचा. वेदीकडे चालत गेलं की १४३९ ते १४७७ या काळात बांधलेला भाग लागतो आणि एकदम लख्ख होतं. इथे तिन्ही दालनांचं छत एकाच उंचीवर आहे, त्यामुळे प्रकाश बाजूच्या मोठ्या खिडक्यांतून थेट मधे येतो. यालाच हॉल-चर्च म्हणतात. श्वेबिश ग्म्युंड गावी पार्लर या स्थपती घराण्याने हीच रचना शतकभर आधी, १३५१ पासून, वेदीच्या भागात उभी केली होती.

आता विटा. उत्तरेच्या सपाट मुलखात खाणीचा दगड नाही, माती मुबलक, म्हणून वीट. गरिबीचा संबंध नाही. ल्युबेक म्हणजे हान्झा व्यापारसंघाची राणी. तिथल्या व्यापाऱ्यांच्या मारीएनकिर्खे या चर्चचं विटांचं छत साडेअडतीस मीटरांवर आहे! आणि वीट उत्तरेपुरतीही नाही. बव्हेरियात लांड्सहूटच्या सेंट मार्टिन चर्चचा विटांचा मनोरा सुमारे १३० मीटर उंच आहे. म्युनिकचं फ्राउएनकिर्खे, तेही विटांचं, १४६८ ते १४८८ या वीस वर्षांत उभं राहिलं. विटेत दगडासारखं बारीक कोरीवकाम होत नाही, म्हणून या भिंती सपाट, भारदस्त दिसतात. त्यांना ‘साध्या’ म्हणा हवं तर, दरिद्री म्हणू नका.

राहिला ऱ्हास. सॅक्सनीच्या एर्झगबिर्ग डोंगरात चांदी सापडली, १४९६ मध्ये अॅनाबर्ग गाव वसलं आणि तीनच वर्षांत सेंट अॅनचं चर्च सुरू झालं. इथले अष्टकोनी खांब आत दबलेल्या बाजूंचे, माथ्यावर टोपीसारखा कोरीव दगड नसलेले. छताच्या फासळ्या, म्हणजे छताखालच्या कमानदार पट्ट्या, त्यांतूनच फुटतात, वळण घेत जातात आणि मधे फुलासारख्या पाकळ्या करतात. भिंतीचे आधार आत घेऊन त्यांच्यामध्ये सज्जे बसवले आहेत. मान वर करून उभं राहिलं की मधलं दालन कुठलं आणि बाजूचं कुठलं, हा प्रश्नच उरत नाही. सगळी जागा एक होते. याला नक्षी म्हणणं म्हणजे वीण सोडून नुसता रंग बघणं. शिवाय त्याच मुलखात, माइसनच्या गढीत, आर्नोल्ड फॉन वेस्टफालेन या स्थपतीने १४७१ पासून फासळ्या काढूनच टाकल्या आणि घडी घातलेल्या कागदासारखी छतं केली. नक्षीच्या हव्यासाने कोणी नक्षी काढून टाकतं का?

पोस्टखाली चिडलेल्या एकाने लिहिलंय की ही नक्कल नव्हे, हा शुद्ध जर्मन आत्म्याचा आविष्कार. हेही चालणार नाही. ‘सोंडरगोटिक’, म्हणजे खास जर्मन गॉथिक, ही कल्पना कला-इतिहासकार कुर्ट गेर्स्टेनबर्ग यांनी १९१३ मध्ये मांडली. पण दालनं जवळपास सारख्या उंचीची ठेवण्याची पद्धत फ्रान्समध्ये पुआतिएला बाराव्या शतकातच दिसते. आणि अॅनाबर्गच्या त्या वळणदार फासळ्यांचं नातं प्रागशी आहे. तिथे स्थपती बेनेडिक्ट रीडने बोहेमियाचा राजा व्लादिस्लाव याच्यासाठी किल्ल्यात बांधलेल्या दिवाणखान्याच्या छतावर त्या आधीच नाचून गेल्या होत्या.