पिवळ्या चेंडूची घाई नको
मुलांनी सहाव्या-सातव्या वर्षी टेनिस सुरू करावं असं एका लेखात म्हटलंय, ते पटलं. पण कोणत्या चेंडूने, हे राहूनच गेलं आणि माझ्या मते सगळं तिथेच आहे.

माझी लेक सात वर्षांची असताना क्लासमध्ये पहिल्याच दिवशी पिवळा, म्हणजे मोठ्यांचा नेहमीचा चेंडू आणि पूर्ण २३.७७ मीटरचं कोर्ट. टप्पा पडला की चेंडू तिच्या डोक्यावरून जायचा. मग ती मागे मागे सरकत, रॅकेट दोन्ही हातांनी उंच धरून कसाबसा अडवायची. दोन महिन्यांत मनगट दुखायला लागलं आणि "आज नको ना जाऊया" सुरू झालं.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने लाल, नारिंगी, हिरवा अशा चेंडूंच्या पायऱ्या यासाठीच आखल्यात. लाल चेंडू पिवळ्यापेक्षा सुमारे ७५ टक्के संथ, कोर्ट जेमतेम ११ मीटरचं, नेटही खाली. २०१२पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत पिवळा चेंडू चालतच नाही.

आम्ही क्लास बदलला. नव्या सरांनी लाल चेंडू दिला, तो तिच्या कमरेपाशी येऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात आम्ही मायलेकी सलग फटके मोठ्याने मोजत होतो, अठरा, एकोणीस, वीस! त्या दिवशी तिला कोर्टवरून ओढून घरी न्यावं लागलं.

पालकांनो, फी भरण्याआधी एकदा बास्केटमध्ये डोकावा. लहान मुलांच्या बॅचला नुसते पिवळेच चेंडू दिसले, तर सरांना कारण जरूर विचारा.