पाण्यातलं पाणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मान डोलवणाऱ्या मुलावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'सीटीत डोक्यात पाणी झाल्याचं स्पष्ट दिसत असताना त्या गरीब आईबापाला देवगडहून गोव्यात बांबोळीला एमआरआयसाठी कशाला पिटाळलंत? डॉक्टरांना तपासण्यांचा सोसच.' राग पोचला. दिवसाची मजुरी बुडते, एसटीत पोर ओकतं, हे मला ठाऊक आहे. माझं भांडण आहे ते 'स्पष्ट' या शब्दाशी.

बालदीभर पाण्यात पाण्यानेच भरलेली पातळ पिशवी सोडून बघा. कड दिसते का? त्या मुलाची मान जिच्यामुळे डोलत होती ती सुप्रासेलार अरॅक्नॉइड सिस्ट, म्हणजे मेंदूच्या तळाशी पातळ आवरणात झालेली पाण्याची पिशवी, अशीच असते. आत मेंदूभोवतीचंच पाणी, भिंत जेमतेम. सीटीवर ती फुगलेल्या तिसऱ्या व्हेंट्रिकलसारखी, म्हणजे मेंदूच्या मधोमध असलेल्या पाण्याच्या पोकळीसारखी दिसते आणि रिपोर्टात नुसतं 'हायड्रोसेफॅलस', म्हणजे डोक्यात पाणी, एवढंच येऊ शकतं. मग शंट, म्हणजे बारीक नळी, घालून पाणी पोटात उतरवायचं, आणि सिस्ट जिथल्या तिथे! एमआरआयच्या उभ्या, पातळ छेदांत व्हेंट्रिकलचा तळ वर ढकललेला आणि ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा देठ, मागे रेटलेला दिसतो. तेव्हा कुठे दुर्बिणीतून सिस्टलाच वाट करून द्यायचा विचार होतो.

मान डोलवण्याबद्दल त्या मुलाची आजी म्हणत होती, 'लाडान करता तो.' तिला कशी दोष देऊ? 'मान धर' म्हटलं की पोरगा धरायचा, झोपेत तर डोलणं बंदच. नंदीबैलाची नक्कल म्हणून पहिल्या भेटीत मीही हसले होते. दुसऱ्या खेपेला टेप लावला आणि डोक्याचा घेर लसीकरणाच्या कार्डावरच्या जुन्या आकड्यांशेजारी लिहिला, तेव्हा डोकं किती भराभर वाढतंय ते दिसलं आणि हसू गेलं.

एका बाबतीत मात्र तुमचं खरं आहे. सगळ्या सिस्ट मी एकाच माळेत ओवल्या. झाडावरून पडला म्हणून काढलेल्या सीटीत कानशिलाजवळ अचानक सापडणाऱ्या अरॅक्नॉइड सिस्टपैकी बहुतेकांना कधीच हात लावावा लागत नाही. हे लेखात नव्हतं, आज घालते. टाळू भरली नसेल तर तान्ह्या बाळाला आधी टाळूतून सोनोग्राफी पुरते. किरणं नाहीत, भूल नाही.

तुमच्या भाच्याला फिट आली आणि रिपोर्टात 'सिस्टिक लीजन', म्हणजे पाणी भरलेली कसलीशी गाठ, एवढंच आहे म्हणता. आपल्याकडे अशा वेळी फीतकृमीची गाठ, म्हणजे सिस्टिसर्कोसिस, आधी मनात येते, आणि तिचे उपचार अगदी निराळे. न्यूरॉलॉजिस्टला लवकर दाखवा. जाताना रिपोर्टचा कागद एकटा नेऊ नका, स्कॅनची सीडीही मागून घ्या.