घरफोडीत देशाला खालून पहिला नंबर कसा मिळवून द्यावा

रंकाळ्यावर भेळ संपत आली की न्यू जर्सीहून सुट्टीला आलेले दाजी सुरू होतात. तिकडं दाराला कुलूप लावत नाहीत, पार्सल दिवसभर पायरीवर पडून राहतं, कुणी हात लावत नाही. आणि तुम्ही मान डोलावत ऐकून घेता. ऐकून घेण्याची काही गरज नाही. अमेरिकेच्या एफबीआयच्या २०१९ च्या नोंदीत दर लाख लोकसंख्येमागं ३४० घरफोड्या आहेत. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, अहवालांत हाच दर अलीकडं दहाच्या आत असतो. म्हणजे मंगळवार पेठेतला माणूस अमेरिकनापेक्षा तीसपटीहून जास्त निर्धास्त झोपतो. आकडे दोन्हीकडचे सरकारी आहेत, भागाकार शाळेतला आहे. फक्त तक्ता नीट मांडता आला पाहिजे, आणि त्याला थोडी शिस्त लागते.

पहिली शिस्त अशी की निकाल आधी ठरवावा आणि वर्ष मागून निवडावं. अमेरिकेला आणखी खाली पाडायचं असेल तर १९८० घ्या, तेव्हा त्यांचा दर १६८४ होता. तिथून २०१९ पर्यंत तो पाचव्या हिश्श्यावर आला ही गोष्ट बोलायची नाही. २०२१ मात्र चुकूनही घेऊ नका. त्या वर्षी एफबीआयनं नोंदीची पद्धत बदलली आणि हजारो पोलीस खात्यांनी आकडेच पाठवले नाहीत. अर्थात समोरचा तेच वर्ष घेऊन आला, तर हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

खरी मेहनत आहे ती घरफोडी कशाला म्हणायचं यात. इथं घाई करू नये.

इंग्लंडमध्ये १९६८ चा चोरीचा कायदा आहे, त्याचं नववं कलम. परवानगीशिवाय इमारतीत शिरला आणि मनात चोरी होती, की झाली घरफोडी. फोडाफोडीची अटच नाही. आता शिवाजी पेठेतली दुपार घ्या. दार सताड उघडं, घरातली मंडळी मागच्या अंगणात पापड वाळत घालतायत, एकजण आत येतो, चार्जिंगचा मोबाइल आणि टीव्हीवरची पर्स उचलून चालता होतो. इंग्लंडात ही घरफोडी. आपल्याकडं ठाणे अंमलदार सहसा राहत्या घरातील चोरीचं कलम लावतो, पूर्वीचं ३८०, आता भारतीय न्याय संहितेचं ३०५, आणि प्रकरण चोरीच्या रकान्यात जातं. घरफोडीचा रकाना स्वच्छ. पेठेत दारं उघडी ठेवायची पद्धत राष्ट्रीय प्रतिमेला किती उपकारक आहे ते यावरून कळावं.

मात्र आपला कायदा अगदीच मवाळ आहे असं समजून गाफील राहू नका. जुन्या दंड संहितेच्या ४४५ व्या कलमाखाली उदाहरणं दिली होती. भिंतीला भोक पाडून हात आत घालणं ही घरफोडी, दाराच्या फटीतून तार घालून कडी वर उचलणं ही घरफोडी. आणि तुमची हरवलेली किल्ली कुणाला सापडली, त्यानं त्याच किल्लीनं तुमचं कुलूप उघडलं, तरी ती घरफोडीच. शिवाय ज्या इमारतीत शिरायचं ती राहतीच असली पाहिजे असं नाही. पूजेची जागा चालते, माल ठेवायची जागा चालते. म्हणजे गल्लीतल्या मारुतीच्या देवळाचं कुलूप तोडून दानपेटी नेली तर ती देवाच्या घरची घरफोडी, आणि पंचगंगेच्या काठावरची मोटरपंपाची खोली फोडून तांब्याची वायर नेली तर तीही. परदेशी माणसाशी वाद घालताना या खोल्या काढून टाका. घरफोडी म्हणजे घर, एवढंच म्हणा.

त्यांच्या खोल्या मात्र ठेवा. इंग्लंडच्या पोलिसांनी एप्रिल २०१७ पासून घराच्या आवारातली शेड आणि गॅरेजही निवासी घरफोडीत मोजायला सुरुवात केली. बागेतल्या शेडमधून गवत कापायचं यंत्र गेलं, लिहा घरफोडी. एप्रिल २०२३ पासून ते पुन्हा वेगळे मोजू लागले. तुम्हाला लागणारी वर्षं या दोन तारखांच्या मधली. अमेरिकेत तर फोडायचा प्रयत्न फसला तरी तो घरफोडीच्या एकूण आकड्यात धरतात. आपल्याकडं कोयंड्यावर दोन ओरखडे दिसले तर शेजारचे काका विचारतात, "काही गेलं नाही न्हवं? मग कशाला पोलिसांच्या मागं लागताय?" काकांचं हे एक वाक्य दर खाली ठेवण्यात जे काम करतं, ते अख्ख्या गस्तीच्या गाडीला जमत नाही.

जपानी पोलिसांचा विचार कौतुकानं करावा आणि सोडून द्यावा. घर रिकामं असताना, घरातले झोपलेले असताना आणि जागे असताना, असे त्यांनी तीन वेगळे रकाने केलेत. आपल्याकडं दिवसा घरफोडी आणि रात्री घरफोडी एवढ्यावर भागतं, कारण कायद्यात सूर्यास्तानंतर शिक्षा वाढते.

पुढं येतं मोजण्याचं एकक. समजा राजारामपुरीत एका अपार्टमेंटमध्ये एका रात्रीत सहा फ्लॅट फुटले. दुसऱ्या दिवशी मथळा येतो "एकाच रात्रीत सहा फ्लॅट फोडले", पण एनसीआरबी मोजते ती दाखल गुन्ह्यांची संख्या. पहिल्या फ्लॅटवाल्याची फिर्याद घेतली आणि बाकी पाच घरं त्याच फिर्यादीच्या पोटात बसवली की अहवालात एक. स्वीडनमध्ये प्रत्येक घराचा गुन्हा वेगळा मोजतात, म्हणजे सहा. हसायला लगेच स्वीडनकडं वळू नका, अमेरिकेतही आपल्या या पद्धतीचा जोडीदार आहे. लॉजच्या दहा खोल्या फुटल्या आणि तक्रार मॅनेजरनं दिली, तर तिथं ती एक घरफोडी. याला ते हॉटेलचा नियम म्हणतात. स्टँडसमोरच्या लॉजवाल्यांना हे कळलं तर बरं वाटेल.

आणि मुख्य गुन्ह्याचा नियम विसरू नका. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर एनसीआरबी सगळ्यात गंभीर गुन्हा तेवढा मोजते. चोर घरात शिरला, घरमालक जागा झाला, झटापटीत जिवानिशी गेला. हा खून. घरफोडीच्या रकान्यात शून्य. दर खाली आणण्याच्या दृष्टीनं चोर जितका क्रूर तितका सोयीचा, पण हे वाक्य दाजींसमोर बोलू नये. अमेरिकेतही पूर्वी असाच नियम होता, नव्या पद्धतीत तो गेला, त्यामुळं त्यांचा जुना आणि नवा आकडा एकमेकांशी जुळत नाही.

आता छेद, म्हणजे भागाकारात खाली काय लिहायचं. लोकसंख्याच लिहा, घरं कधीही नाही. कारण कागदावर करून बघा. एक लाख माणसं, घरटी पाच, म्हणजे वीस हजार घरं. दुसरीकडं एक लाख माणसं, घरटी दोन, म्हणजे पन्नास हजार घरं. दोन्हीकडं वर्षाला दोनशे घरफोड्या. माणशी काढलं तर दोन्हीकडं लाखाला दोनशे, बरोबरी. घरटी काढलं तर पहिल्या ठिकाणी हजार घरांमागं दहा फुटली, दुसरीकडं चार. दार फुटतं ते घराचं, पण तक्त्यात एकत्र कुटुंबातला प्रत्येक नातू आणि चुलता खाली बसून दर दाबत असतो. यासाठी तरी वाटण्या लांबवाव्यात.

लोकसंख्येचा आकडाही प्रश्न न विचारता घ्या. आपली शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची, पुढची सगळी वर्षं अंदाजावर चालतात. आणि दरडोई हिशेबात कुणी जास्तच शहाणपणा केला तर व्हॅटिकन काढा. राहणारे हजारभरसुद्धा नाहीत, बघायला येणारे वर्षाला लाखोंनी, आणि त्यांचे खिसे कापले की गुन्हा व्हॅटिकनच्या नावावर. त्या हिशेबानं पोपसाहेबांचं गाव जगातलं सगळ्यात गुन्हेगार. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावरचे गुन्हे फक्त वाडी रत्नागिरीच्या रहिवाशांनी भागले तर काय होईल, याचा विचार मनातल्या मनात करावा.

एवढं सगळं केलं तरी खरा हातभार लागतो तो लिहिणाऱ्याच्या पेनाचा. गुन्हा घडणं आणि नोंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एनसीआरबी स्वतःच अहवालात सांगते. ते पान वगळून पुढं जा. २०१७ साली दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बेंगळुरूत घरोघरी जाऊन केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. चोरी झालेल्या दहा जणांतल्या एकाचीही धड एफआयआर झालेली नव्हती. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सांगून ठेवलंय. पण "अर्ज देऊन जावा, बघतो" या चार शब्दांत अजून दम आहे. गुन्हा बर्क केला, म्हणजे नोंदवलाच नाही, की तो आकड्यात येत नाही, आणि तपासाचाही ताप वाचतो.

यात धोका एकच, प्रामाणिकपणा. दिल्लीत चोरीची ई-एफआयआर सुरू झाली आणि नोंदीतल्या चोऱ्या भराभर वाढल्या. चोर तेवढेच, पेन सुटलं. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानं ऑनलाइन तक्रार देता येते, तीन दिवसांत जाऊन सही केली की झालं. ही सोय लोकांना फार कळू देऊ नका, देशाचा नंबर घसरेल.

युरोपात नोंद का होते, तर तिकडचे लोक काही जास्त सत्यवादी नसतात. त्यांच्या घराचा विमा असतो, आणि विमा कंपनी पोलिसांकडच्या नोंदीचा क्रमांक मागते. सायकल गेली तरी नोंद. आपल्याकडं विमा गाडीचा, कारण तो सक्तीचा. घराचा विमा म्हटलं की माणूस विचारतो, घर काय पळून जाणाराय? त्यामुळं फिर्याद द्यायची तर त्यातून मिळतं काय? पंच शोधा, दागिन्यांच्या पावत्या शोधा. ठसेतज्ज्ञ कपाटावर पावडर मारून जातात, ती निघता निघत नाही. श्वान हायवेपर्यंत माग काढतं आणि तिथं घुटमळतं. आणि सासूबाईंची मोहनमाळ पंधरा वर्षांपूर्वीच्या पावतीच्या भावानं लिहिली, तर सहा लाखांचा ऐवज कागदावर लाखावर येतो. म्हणजे चोरीची रक्कमही आटोक्यात.

जर्मनीचा आकडा वापरायचा झाला तर एक बारीक गोष्ट. तिथं गुन्हा मोजतात तो पोलिसांचा तपास संपल्यावर, स्वीडनमध्ये तक्रार येताक्षणी. नंतर तक्रार खोटी निघाली तरी स्वीडनचा आकडा तिथंच राहतो. तुलना करताना ही तळटीप इतक्या लहान अक्षरात छापा की चष्मा लागेल.

आणि एक कागद दृष्टीआड ठेवा. १९८९ पासून आंतरराष्ट्रीय गुन्हे-बळी सर्वेक्षणाच्या काही फेऱ्या झाल्या, त्यांत मुंबईही होती. पोलिसांकडं न जाता त्यांनी थेट लोकांनाच विचारलं, सगळ्या देशांत एकच प्रश्न: गेल्या पाच वर्षांत तुमच्या घरात परवानगीशिवाय कुणी शिरून चोरी केली किंवा करायचा प्रयत्न केला का? गॅरेज, शेड धरू नका. झालं! व्याख्या एक, एकक घर, पोलीस, विमा, काका सगळे बाहेर. असं केलं तर देशांमधलं अंतर कमी दिसायला लागतं आणि वादाची मजाच जाते. कुणी हा विषय काढला तर "सँपल लहान होतं" म्हणा आणि चहा मागवा.

नेदरलँड्सचा विषयही टाळलेला बरा. १९९९ पासून तिथं नव्या घराच्या दारं-खिडक्यांनी साध्या हत्यारांपुढं तीन मिनिटं टिकलं पाहिजे असा बांधकामाचा नियम आला, आणि नव्या घरांतल्या घरफोड्या सुमारे चौथ्या हिश्श्यानं घटल्याचं अभ्यासात दिसलं. हे ऐकून उगाच आपलं दार बघायला जाल. बघितलंच तर दिसेल ते असं: कुलूप आठ लिव्हरचं, हातात घेतलं तर जड, दुकानदारानं "हे हत्तीला तुटत नाही" म्हणून दिलेलं. ते ज्या कोयंड्यात अडकवलंय तो पातळ पत्र्याचा, पाऊण इंची चार स्क्रूंवर, आणि ते स्क्रू कित्येक पावसाळे भिजून सुकलेल्या फळीत. कटावणीचं टोक कोयंड्यामागं गेलं, एक झटका दिला की स्क्रू लाकडाच्या भुशासकट बाहेर. कुलूप शाबूत, हत्तीला तुटत नाही ते खरंच. शिवाय ते बाहेर लोंबतंय म्हणजे घरात कुणी नाही हे गल्लीला आठवडाभर सांगतंय.

सुताराला बोलावून पाऊण इंची स्क्रूंच्या जागी ८ मिलिमीटरचे गोल डोक्याचे बोल्ट आरपार घालता येतात, आतून जाड लोखंडी पट्टी, वॉशर आणि नट. किंवा बाहेरचं कुलूपच काढून दाराच्या जाडीत बसणारं घ्यायचं आणि चौकटीतली त्याची पट्टी तीन इंची स्क्रूंनी आवळायची. गच्चीचं दार लोक विसरतात, तेही त्यात आलं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण त्यामुळं जी घरफोडी होणार नाही ती कुठल्याच देशाच्या कुठल्याच अहवालात मोजत नाहीत, तेव्हा वादात तिचा काडीचा उपयोग नाही. रविवार त्यात घालवू नका. डेन्मार्क आणि न्यूझीलंडचे आकडे उतरवून घ्या, ते दोन रकाने अजून मोकळे आहेत.