कर्जमाफी की समुपदेशन? युद्धावरच्या संशोधनात हा वाद जुनाच आहे

मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, की पाठोपाठ शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या येतात आणि ठरलेला वाद पेटतो. गावोगाव समुपदेशनाची शिबिरं घ्या, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, आधी पीकविम्याचं आणि कर्जमाफीचं बघा, मग मनाचं. जर्मनीत युद्धातून आलेल्या निर्वासितांसोबत काम करणाऱ्यांना दोन्ही बाजू तोंडपाठ असतात. फक्त तिकडे कर्जाच्या जागी छावणी असते.

केनेथ मिलर आणि अँड्र्यू रासमुसेन या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये या भांडणाची नीट मांडणी केली. बॉम्बहल्ले, छळ, डोळ्यांदेखत झालेले मृत्यू यांवर एका गटाचा भर. दुसऱ्याचा भर रोजच्या जाचावर: काम नाही, घरात दाटीवाटी, मारहाण, एकटेपणा. त्यांचं म्हणणं असं, की युद्धाचा बराचसा परिणाम या रोजच्या जाचातूनच मनापर्यंत पोचतो. म्हणून आधी जाच कमी करा, आणि तरीही जे सावरत नाहीत त्यांच्यावर नेमके उपचार करा. थोडक्यात, कर्जमाफीवाले अर्धे बरोबर आहेत.

उरलेल्या अर्ध्यात शिबिरवाले मात्र चुकतात. आपत्तीनंतर लगेच सगळ्यांना गोळा करून एकाच बैठकीत ‘मन मोकळं’ करायला लावण्याने पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) टळत नाही, हे २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे उपलब्ध चाचण्यांच्या एकत्रित तपासणीत, स्पष्ट झालं. काहींना त्याचा त्रासच झाल्याचं दिसलं. दुसरी गफलत निदानाची. पीटीएसडी घडून गेलेल्या प्रसंगाचा असतो. सावकार उद्या पुन्हा दारात येणार असेल, तर ती भीती आठवणीतली नाही, चालू आहे. अशा माणसापुढे पीसीएल-५ ही पीटीएसडीची लक्षणं मोजणारी, २० प्रश्नांची, ८० गुणांची यादी ठेवली, तर झोप उडणं, चिडचिड, लक्ष न लागणं यांवरच गुण चढतात आणि निष्कर्ष भलताच निघतो.

खरा पीटीएसडी असेल तर उपाय आहेत. कोन्स्टान्झ विद्यापीठातल्या शाउअर, नॉयनर आणि एल्बर्ट यांची नॅरेटिव्ह एक्सपोजर थेरपी छावण्यांसाठीच बनली. पहिल्या सत्रात जमिनीवर दोरी पसरतात: जन्मापासून आजपर्यंतचं आयुष्य. चांगल्या प्रसंगाला फूल, वाईटाला दगड. पुढच्या सत्रांत, दीड-दोन तास, एकेक दगड क्रमाने सांगायचा: तेव्हा काय दिसलं, अंगाला काय जाणवलं, मनात काय आलं, आणि आत्ता काय जाणवतंय. थेरपिस्ट ते लिहून घेतो आणि पुढच्या वेळी वाचून दाखवतो. बिघडतं कुठे? घड्याळ बघून सत्र मधेच तोडलं की. भीती शिगेला असताना माणूस उठून गेला, तर तो पुन्हा येत नाही. धडधड ओसरेपर्यंत बसावंच लागतं. युगांडातल्या सुदानी निर्वासितांवरचा २००४ चा अभ्यास छोटा, ४३ जणांचा; पण वर्षभरानंतर या उपचाराच्या गटात २९ टक्क्यांना पीटीएसडी उरला होता, साध्या समुपदेशनाच्या गटात ७९ टक्क्यांना.

पण मराठवाड्याने उचलावं असं मला वाटतं ते थेरेसा बेटनकोर्ट या संशोधिकेच्या कामातलं. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचं युद्ध २००२ मध्ये संपलं, त्याच वर्षी त्यांनी बालसैनिकांसह पाचशेहून अधिक मुलांचा अभ्यास सुरू केला. मग २००४, २००८ आणि पुन्हा त्यानंतरही, तीच मुलं, आता पोराबाळांची झालेली. मुलगा सावरला की नाही, हे त्याने युद्धात काय पाहिलं-केलं एवढ्यावर ठरलं नाही; गावाने त्याला पदरात घेतलं का, शाळा सुरू राहिली का, यावरही ठरलं. एका भेटीत हे कळलंच नसतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरात जी मुलं ढिगाऱ्यातून निघाली, ती आज तिशी-चाळिशीत आहेत. त्यांच्याकडे आजही जाता येईल. असा अभ्यास बीडमध्ये मांडायचा तर वेळापत्रक आधी: दसरा ते गुढीपाडवा भेटी ठेवू नका, निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर असतं. पत्ता मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेऊ नका. उचल देणाऱ्या माणसाला कुणाच्या मनाची खबर लागता कामा नये. दोन नातेवाइकांचे फोन घ्या. संमती घेताना सरपंच शेजारी नको.

जर्मनीचे गोडवे गाण्यात मात्र अर्थ नाही. तिकडेही थेरपीसाठी महिनोन् महिने थांबावं लागतं आणि आश्रय मागणाऱ्यांचे वैद्यकीय हक्क पहिले ३६ महिने मर्यादित असतात. पाचोड-परांड्याला उपयोगी नमुना पेशावरचा वाटतो. तिथे जागतिक आरोग्य संघटनेचा ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ हा दीड-दीड तासाच्या पाच सत्रांचा कार्यक्रम डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी राबवला आणि २०१६ च्या निष्कर्षांत तीन महिन्यांनंतरही फरक दिसला. त्यात पैशाची अडचण आणि मनाची अडचण एकाच बैठकीत हाताळतात, म्हणजे आपला वाद तिथे उरतच नाही. पण दर आठवड्याला देखरेख लागते. ती सुटली की कार्यक्रम ढासळतो. आपल्याकडे हे काम आशाताईंच्या गळ्यात पडेल, हे उघड आहे. मग ते जुन्या मानधनात फुकट नको, आणि देखरेखीला जिल्ह्यात एक पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ हवा, निदान दहा वर्षं न बदलणारा.