विचारांनी जनुकं ‘चालू’ होतात? सीएचडी५ला विचारा

कौटुंबिक ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरत असतो: मेंदूत खास जनुकं असतात, हिस्टोन हे त्यांचं बटण, सकारात्मक विचारांनी ते दाबलं जातं आणि कॅन्सरही मागे हटतो. वर ‘एपिजेनेटिक्सने (म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता जनुकं चालू-बंद कशी होतात, याच्या अभ्यासाने) सिद्ध’ असा शिक्का. या वर्णनाच्या जवळ जाणारं एक खरं जनुक आहे, सीएचडी५. त्यावरच दावा तपासू.

‘मेंदूतली जनुकं’. सीएचडी५ पहिल्या गुणसूत्राच्या आखूड बाहूच्या टोकाकडे बसलेलं असतं, आणि ते तुमच्या यकृतातल्या पेशींतही आहे. फरक इतकाच, की मेंदूत त्यापासून प्रथिन भरपूर बनतं. वृषणातही बनतं. उंदरांमधून हे जनुक काढलं तर नरांना पिल्लं होत नाहीत, हे मजकूर लिहिणाऱ्यांच्या गावीही नसतं.

‘हिस्टोन म्हणजे बटण’. हिस्टोन ही प्रथिनं. आठ हिस्टोनांच्या रिळाभोवती डीएनएच्या अक्षरांच्या सुमारे १४७ जोड्या गुंडाळलेल्या असतात. रिळाबाहेर डोकावणाऱ्या शेपट्यांवर रासायनिक खुणा असतात, किंवा नसतात. सीएचडी५च्या प्रथिनाचा एक भाग एच३ हिस्टोनची शेपटी पकडतो, तीही ठरावीक जागी खूण नसेल तेव्हाच. दुसरा भाग त्याच शेपटीवरची २७व्या जागेची मिथाइल खूण ओळखतो. मग ऊर्जा खर्चून रिळं सरकवली जातात. काही जनुकं उघडतात, काही मिटतात. २०१३ साली वाढत्या उंदराच्या मेंदूत हे प्रथिन घटवलं, तेव्हा कच्च्या पेशींच्या चेतापेशी होणंच अडलं. यात दाबायचं बटण कोणतं?

‘कॅन्सर मागे हटतो’. इथे मात्र खऱ्याचा एक कण आहे. न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये गुणसूत्राचा हाच तुकडा अनेकदा गळालेला असतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या अलिया मिल्स यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं, की तिथला गाठी रोखणारा जनुक सीएचडी५च. पण जो तुकडाच गळून गेला, तो चालू काय करणार? आणि हा आजार तान्ह्या बाळांनाही होतो. त्यांनी नकारात्मक विचार केला होता?

अनुभवाने हिस्टोनवरच्या खुणा बदलतात, हे खरं. उंदीर नवं काही शिकला की त्याच्या मेंदूत ते दिसतं. पण कोणती खूण कुठे पडावी, हे उंदीर ठरवत नाही. कॅन्सरच्या पेशींत गुणसूत्राच्या जोडीतल्या दुसऱ्या प्रतीवर उरलेलं सीएचडी५ कधी डीएनएवरच्या मिथाइलमुळे गप्प झालेलं असतं. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये औषधाने मिथाइल उतरवून ते पुन्हा जागं करता आलं आहे, पण ते औषध एकाच जनुकापुरतं थांबत नाही, साऱ्या डीएनएवरून मिथाइल उतरवत जातं.